एका नारळापुरती काळजी

देवाचा कौल फिरवायला माणसाच्या अंगी फार मोठी कर्तबगारी असावी लागत नाही. भिंतीवरचं एक बटण पुरतं. प्रशांतने ते दाबलं तेव्हा त्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. त्याला फक्त उकडत होतं.

मार्च महिना, सकाळचे अकरा. कारापूरच्या त्या लहानशा देवळात माणसं मोजून सहा. गाभाऱ्यात भट, त्याच्यासमोर हात जोडून प्रशांतचा मामा सगुण, मामाच्या शेजारी देवकीमामी, मागे वाड्यावरचे, म्हणजे त्याच वस्तीतले, दोघे, आणि खांबाला टेकून स्वतः प्रशांत. तो या कामासाठी पेडण्याहून स्कूटर मारत आला होता. मामाने फोनवर सांगितलं होतं, "तू ये. शिकलेलो एक माणूस कौलाक असलेलो बरो."

भटाने पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला चिकटवल्या होत्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गाऱ्हाणंही घालून झालं होतं: "हे माये, ह्यो तुझो लेकरू सगुण नवी गाडी घेवचो इचार करता. घेतल्यान तेचां बरां होतला तर उजवी दी, नायतर डावी दी." सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं आणि वाट बघणं सुरू झालं.

पाकळीला घाई नसते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. प्रशांतचा शर्ट पाठीला चिकटला, तो काही पडायला तयार नव्हता. खांबाच्या मागे चार बटणांचा एक बोर्ड होता. वर छताला पंखा लटकत होता, त्याचंच हे बटण असेल अशा समजुतीने त्याने एक दाबलं. छताचा पंखा ढिम्म राहिला. सुरू झाला तो गाभाऱ्याच्या दाराशी ठेवलेला उभा पंखा, नुकताच कोणीतरी देवळाला दिलेला. त्याच्या जाळीवर देणाऱ्याचं नाव एवढ्या ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं की वाऱ्यालासुद्धा विचारून पुढे जावं लागत असेल. त्या पंख्याने सावकाश मान फिरवली. आधी वाड्यावरच्या दोघांकडे बघितलं, मग मामाकडे, मग देवीकडे. उजवी पाकळी थरथरली, सुटली आणि भटाच्या तबकात जाऊन पडली.

"झालो कौल!" भट म्हणाला. "उजवी दिली!"

सगुणमामा तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "पावली गो माय माझी, पावली," एवढंच त्याच्या तोंडून येत होतं. प्रशांतने बटण दाबलेला हात खिशात घातला. देवकीमामीने एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा प्रशांतकडे बघितलं. मग देवीला नमस्कार केला, प्रसाद पदराला बांधला आणि बाहेर पडता पडता ते बटण बंद केलं.

"करंट फुकट जाता," ती म्हणाली.

आता, कौल लावलेली ही गाडी म्हणजे काही स्कूटर नव्हती. दहा चाकांचा नवा कोरा टिपर होता, खाणीचा माल वाहणारा, किंमत चाळीस लाखांच्या वर. त्यासाठी कारापूरचं राहतं घर गहाण पडणार होतं आणि सात लाखांची एक ठेव मोडणार होती. ही ठेव पेडण्यात प्रशांतच्याच पतसंस्थेत होती. प्रशांत तिथल्या कर्जविभागात सोळा वर्षं कारकून. टिपर चालला नाही तर पहिल्या नोटिशीपासून शेवटच्या जप्तीपर्यंत काय काय होतं, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यामुळे स्कूटरवरून परत जाताना दर मैलाच्या दगडाला त्याला आपलं बोट आठवत होतं.

मामाचा टिपरावर जीव का, हेही सांगायला हवं. मामाचे वडील सावंतवाडीकडून खाणीवर ड्रायव्हर म्हणून आले आणि कारापुरातच घर बांधून राहिले. मामा जन्मला तोच डिझेलच्या वासात. खाणी धडाक्यात होत्या तेव्हा त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या होत्या. त्या दिवसांत साखळीच्या बाजारात सुरमई घेताना मामा भाव विचारत नसे; मासळीवालीच कधीकधी काळजीने म्हणायची, "दादा, विचारा तरी!" मग खाणी बंद पडल्या. महिनाभर बंद, मग वर्षभर, मग थोड्या सुरू, परत बंद. एक गाडी मिळेल त्या किमतीला गेली. दुसरी घरामागच्या फणसाखाली उभी राहिली ती राहिलीच. तिच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. घरातलं माणूस सकाळी अंडी आणायला जायचं ते ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून.

मामाला त्या काळात छातीत धडधड व्हायला लागली. तीनदा डॉक्टर झाले. तिन्ही वेळा ईसीजीची पट्टी चांगली निघाली आणि तिन्ही वेळा डॉक्टरांनी सांगितलं, "हार्ट एकदम चांगलं आहे. टेन्शन घेऊ नका." या सल्ल्याची फी बघून मामाला चौथ्यांदा धडधडलं.

देवकीमामी दोडामार्गाकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कारापुरात आली ती झेंडूच्या माळा लावलेल्या ट्रकातूनच. बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, मंगळसूत्राला कायम दोन सेफ्टी पिना आणि कपाटाची किल्ली. हसली तर आवाज येत नाही, फक्त पोट हलतं. तिच्या रागाला आवाज असतो, पण तो ऐकल्याचं प्रशांतला आठवत नव्हतं. गाड्या थांबल्यावर तिने कोणाला काही न विचारता शेजारच्या वत्सलाला हाताशी धरलं, आणखी दोन बायका जमवल्या, गट काढला आणि जवळच्या दोन शाळांना दुपारच्या पाव-भाजीचं काम घेतलं. पहाटे चारला बटाटे चढायचे. भाजी शाळेत वेळेवर जायची, बिलं आपल्या सवडीने यायची. त्या भाजीतूनच अकरा वर्षांत ती सात लाखांची ठेव झाली होती.

आणि मामीने दुसरंही एक काम केलं होतं, ज्याची कुठल्याच गटात नोंद नव्हती. तिने काळजीला माप लावलं होतं.

झालं असं की खाणी पहिल्यांदा थांबल्या तेव्हा मामाला पैशांचं बोलायला वेळकाळ उरला नाही. दात घासताना हप्ता, आंघोळीला पाणी काढताना टायर, ताटात भात पडला की इन्शुरन्स. अंथरुणावर पडल्यावर तर सगळं मिळून. ऐकणारी एकटी मामी. एका दुपारी ती अडोळीवर नारळ खवायला बसली होती. अडोळी म्हणजे आपली विळी, टोकाला खवणी असलेली. मामा येऊन उंबऱ्यावर बसला आणि त्याने सुरू केलं. मामी खवत राहिली, तो बोलत राहिला. दुसरी वाटी संपली तशी मामीने खोबऱ्याचं ताट उचललं आणि उठली.

"झालां. उरलेलां फाल्यां."

"अगो, पण माझां अर्धांच झालां!"

"नारळ सगळो झालो," मामी म्हणाली.

त्या दिवसापासून हा नियम पडला. रोज नारळ खवायला बसताना पैशांचं काय ते बोलायचं, मनसोक्त बोलायचं, रडायचं असेल तर रडायचं. खवत असेपर्यंत मामी मधे एक शब्द बोलणार नाही. नारळ संपला की ती एकच विचारणार: "ह्यातलां फाल्यां सकाळी करण्यासारखां काय आसा?" असेल तर ते उद्या सकाळी करायचं. कोणाला भेटायचं असेल तर भेटायचं, अर्ज द्यायचा असेल तर द्यायचा, फणसाखालच्या गाडीची बॅटरी विकायची असेल तर विकायची. करण्यासारखं काही नसेल तर ती काळजी करवंटीबरोबर चुलीत. मग दुसऱ्या दिवशीचा नारळ फुटेपर्यंत घरात पैशाचं नाव नाही. जेवताना मामाने तोंड उघडलंच तर मामी त्याच्या भातावर आमटीचा आणखी एक डाव ओतायची आणि त्याचं तोंड कामाला लावायची.

गोव्यात नारळाशिवाय दिवस जात नाही, म्हणून ही व्यवस्था एकादशीलाही बंद पडली नाही. मधल्या काळात नारळ महाग झाले तेव्हा तोच एक विषय एक अख्खा नारळ खाऊन गेला. आणि सगळ्यात वाईट ती दोन वर्षं, जेव्हा एका नारळात काळजी मावेना आणि मामी रोज दोन फोडू लागली, तेव्हा घरातल्या आमट्या इतक्या दाट झाल्या की चमचा उभा राहायचा. घरात सगळ्यांची वजनं वाढली. मामाचं ब्लडप्रेशर तेवढं उतरलं.

प्रशांतने हे कितीदा तरी बघितलं होतं आणि पेडण्यात जाऊन बायकोला, पल्लवीला, रंगवून सांगितलंही होतं. त्या संध्याकाळी मात्र त्याला रंगवायला काही नव्हतं. झालं ते त्याने सरळ सांगितलं.

पल्लवी चपात्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "देवाक वारो घालून होकार घेतलास? शाबास! सोसायटीत पण असोच कारभार करतस काय?"

"अगो, माका उकडत होतां."

"मगे आता मामांच्या ट्रकाचो हप्तोय तूच भर. गार वाटतला."

प्रशांतचा तो आठवडा वाईट गेला. कर्जाच्या अर्जावर शिक्का मारताना त्याला प्रत्येक अर्जदार सगुणमामा दिसू लागला. शेवटी शुक्रवारी त्याने एक कोरा कागद घेतला आणि टिपराचा सगळा हिशेब त्यावर मांडला. डिझेल, ड्रायव्हर, हप्ता, टायर, आणि खाण परत थांबली तर काय. खाली जे आलं त्याभोवती लाल शाईने गोल केला. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि शनिवारी कारापूर गाठलं.

मामा घरी नव्हता. शोरूमच्या माणसाला भेटायला साखळीला गेला होता. मागच्या पडवीत मामी आणि वत्सला सोमवारच्या भाजीसाठी वाटाणे निवडत बसल्या होत्या. प्रशांतने इकडेतिकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"मामी, तुका एक सांगायचां आसा. एकटीक."

"वत्सलाचां धरू नको. ती ऐकता, पण सांगणा नाय."

"त्या दिवशी देवळात तो पंखो..."

"तू लावलस," मामी म्हणाली.

"तुका दिसलां?"

"माका दिसलां. भटाक दिसलां. मागे होते तेंका दिसलां. देवीकय दिसलां असतलां, तिच्याच तोंडार वारो होतो."

"वाड्यार सगळ्यांक ठावक आसा," वत्सला वाटाण्यावरची नजर न काढता म्हणाली.

प्रशांतला पडवीच्या खांबाचा आधार घ्यावासा वाटला, पण परत मागे बटण असेल या भीतीने त्याने घेतला नाही. "मगे तेव्हाच बोललस कशाक नाय?"

"तुझो मामा रडत होतो. किती वर्सांनी आनंदान रडलो. रडणाऱ्या माणसाक कोण पंख्याचां सांगता?"

"पण मामी, घर जातलां! हे बघ." त्याने खिशातला कागद काढून उलगडला. मामीने तो लाल गोलापर्यंत नीट वाचला. बाई सातवी शिकलेली, पण आकड्यांत तिला कोणी फसवलेलं नाही. वाचून झाल्यावर तिने कागद परत दिला.

"खरां आसा," ती म्हणाली. "आता ह्यां तू तेका दाखवतलस. तो म्हणतलो, प्रशांताक ट्रकातलां काय कळता. मगे दोन दिस जेवचो नाय. आणि तिसऱ्या दिसा जावन शोरूमात पैसे भरतलो, रागान."

"मगे करूचां काय?"

"तू काय करू नको. तू लय केलस," मामी म्हणाली, आणि वत्सलाचं पोट आधी हललं की मामीचं, ते प्रशांतला सांगता आलं नसतं.

साडेअकराच्या सुमारास मामा आला. हातात चकचकीत फाइल, त्यात टिपराचे फोटो, सहीसाठी पिवळ्या खुणा केलेले कागद. पाच वर्षांनी लहान दिसत होता. "प्रशांता! बरो गावलास! हे बघ, एसीची केबिन! माझ्या बापाशीन जन्मभर धूळ खाल्ली, आता एसी!"

मामीने अडोळी पुढे ओढली. मग आत गेली आणि नारळ घेऊन आली. एक नाही. तिने तीन सोललेले नारळ ओळीने पाटाशी मांडले. मामाचा चेहरा एकदम उतरला. तीन नारळ त्या घरात एकदाच फुटले होते, पहिली गाडी विकली त्या दिवशी.

"आयज तीन कशाक?"

"मोठी गाडी आसा," मामी म्हणाली. "बोल."

पहिला नारळ फुटला. मामा बोलू लागला. गाडीचा रंग, मागे कोणाचं नाव लिहायचं, कोणत्या खाणीवर ओळख आहे, एक खेप किती वेळाची. प्रशांतला वाटलं होतं मामी आता काहीतरी टोचून बोलेल. ती खवत राहिली. एकदा तर तिने हुंकारही दिला, रंग तिलाही आवडल्यासारखा. पहिल्या नारळभर मामा नव्या टिपरात बसून सगळा डिचोली तालुका फिरून आला.

दुसऱ्या नारळाच्या पहिल्या वाटीत त्याचा वेग कमी झाला. "रेट अजून ठरूक नाय," तो म्हणाला. "पण ठरतलो." खरखर, खरखर. "ड्रायव्हर ठेवचो लागतलो. माझां गुडघ्यांचां तुका ठावक आसा, क्लच दाबूक होवचां नाय." खरखर. "गेल्या खेपेक पण अशेच म्हणत होते, आता थांबाची नाय खाण. थांबली." मामी काही म्हणत नव्हती. आणि ती म्हणत नव्हती म्हणूनच मामाला पुढचं बोलावं लागत होतं. कोणी विरोध केला असता तर त्याला भांडता आलं असतं. समोर फक्त पांढरं खोबरं पडत होतं. प्रशांतने खिशातल्या कागदावर हात ठेवला. त्यातली एकेक ओळ मामा स्वतःच बोलत होता, तीही क्रमाने, आणि टायरांचा आकडा तर प्रशांतपेक्षा बरोबर.

तिसरा नारळ मामीने फोडला तेव्हा मामाकडे बोलायला काही उरलं नव्हतं. एक वाटी नुसतीच खवून झाली. वत्सला वाटाणे निवडायचं सूप घेऊन न सांगता उठून गेली.

"तू भाजी शिजवतस," मामा खाली बघत म्हणाला. "तू पैसे हाडतस. मी खातंय. कोणी विचारलां, सगुण काय करता, तर गाडी येवची वाट बघता. बारा वर्सां ह्यांच. आता वाट बघूक पण लाज वाटता गो."

मामीचा हात थांबला. इतक्या वर्षांत नारळ अर्धा असताना तो थांबलेला प्रशांतने बघितला नव्हता.

"शाळेत भाजी कोण व्हरता?" तिने विचारलं.

"कसली भाजी?"

"शाळेची. पोदेर पाव टाकून जाता वत्सलाच्या दारात. मगे पाव नि भाजीचे डबे रिक्षावालो व्हरता, दोनूय शाळांत. महिन्याक साडेआठ हजार घेता. सात वर्सां झाली."

मामाचे ओठ हलले. ट्रकवाल्याचं डोकं, वाहतुकीचा हिशेब तोंडातल्या तोंडात होतो. हिशेब झाला तसे त्याचे डोळे मोठे झाले. "साडेआठ? दोन शाळांक? लुटता तो! तू माका कधी बोललस नाय?"

"दोन टिपरांचो मालक होतस तू. तुका भाजीचे डबे व्हर म्हणान कसां सांगू?"

मागे फणसाखाली कोंबडी ओरडली, बहुतेक केबिनमधून.

"तिसरी शाळापण मागता आमका," मामी पुन्हा खवू लागली. "रिक्षेत डबे मावनत नाय म्हणान मी घेवक नाय. एक ल्हान टेम्पो असलो तर तिनूय होतत. सकाळी पोदेराकडसून पाव, मगे भाजी. दुपारी रिकामो, तेव्हा बाजाराची भाडी मार."

मामा बराच वेळ फाइलवरच्या टिपराच्या फोटोवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याला आठवलं. "पण देवीन उजवी दिली मरे! तिका नाय कसां म्हणू?"

"गाडी घे म्हणान दिली. टायर किती, तां विचारलस तिका?"

प्रशांतला आता राहवेना. मामीने डोळे वटारले तरी तो बोलून गेला. "मामा, तो पंखो मी लावलंय. चुकून. पाकळी तेच्यान पडली."

"ठावक आसा मरे," मामा म्हणाला. "माका वारो लागलो मानेक."

"आँ? मगे रडलास कशाक?"

"बारा वर्सांत माका कोणी व्हय म्हणाक नाय. बँकवाल्यान नाय, खाणवाल्यान नाय. तो डॉक्टरपण सगळां नाय-नाय म्हणता, तंबाखू नाय, मीठ नाय. पंखो तर पंखो, एक तरी व्हय म्हणालो."

मामीचं पोट हललं. मग मामाचंही. तिसरा नारळ संपला आणि मामीने सवयीने विचारलं, "ह्यातलां फाल्यां सकाळी करण्यासारखां काय आसा?"

"फणसाखालची गाडी," मामा म्हणाला. "भंगारवाल्याक फोन करतंय." आणि थोड्या वेळाने, "आदी कोंबड्यांक खुराडां करूक होया."

त्या दिवशी तीन नारळांच्या खोबऱ्याचं जे जे होऊ शकतं ते सगळं झालं. प्रशांतला पेडण्याला जाताना एक डबाभर सोलकढी आणि नारळाच्या वड्या बांधून मिळाल्या.

गाडी भंगारात एक लाख नव्वद हजाराला गेली. मामा तिला पोचवायला रस्त्यापर्यंत चालत गेला आणि आल्यावर दोन दिवस कमी बोलला. कोंबड्या आठवडाभर फणसाखाली हिंडून आपलं घर शोधत होत्या. मग म्हापशाला एक जुना टेम्पो बघून ठेवला, तीन लाख साठ हजारांचा. वरचे पैसे ठेवीतून काढायचे ठरले. घर जिथल्या तिथे राहिलं.

ठेव मोडायला दोघं पेडण्याच्या पतसंस्थेत आली. मामा सही करून लगेच बाहेर पळाला. टेम्पोवाल्याचा फोन येत होता आणि त्याला त्या माणसाशी टायरांवरून भांडायचं होतं. आत प्रशांतच्या टेबलासमोर मामी बसली. आज तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि मंगळसूत्राच्या सेफ्टी पिना काढून ठेवल्या होत्या.

प्रशांतने कागद पुढे सरकवला आणि सवयीने बोलून गेला, "हंय तुझी सही. नवरा-बायलेची दोगांची लागता."

बोलला आणि त्याचं बोट कागदावरच राहिलं. हेच वाक्य तो सोळा वर्षं दिवसातून दहा वेळा म्हणत होता. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. घर विकायचं असो की गहाण टाकायचं, एकट्या नवऱ्याच्या सहीवर कागद पुढे सरकत नाही. गिऱ्हाइकांना हे समजावताना त्याचा घसा बसायचा. आणि मामाच्या घरासाठी मात्र त्याला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं, त्याने लाल शाईने गोल काढला होता, आणि हे एकदाही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मामी," तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या सहीशिवाय घर गहाण पडूकच शकत नव्हतां."

"ठावक आसा," मामी म्हणाली. ती सही करत होती. शाळेत शिकवलं तसं, प्रत्येक अक्षर सुटं, जोडाक्षरापाशी जरा थांबून.

"पहिल्या दिवसापासून ठावक होतां?"

"लग्न झालां तेव्हापासून."

"मगे 'सही करूची नाय' इतक्यां म्हटलां असतस तर तिथेच संपलां असतां! तीन-तीन नारळ कशाक फोडलस?"

मामीने सहीखाली एक रेघ ओढली, पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्यापुढे ठेवलं.

"आणि मगे तेचां फुगलेलां तोंड जन्मभर कोण बघतलो, तू?"